उन्हाळ्याची सुट्टी आणि दूरदर्शन

शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात मुलांना 'सुट्टीत काय केले?' असे विचारण्याची आमची जुनी खोड आहे. निबंधाचा हा विषय आमच्या गुरुजींनी आम्हांला घातला, आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना घालतो. आमच्यानंतर या खुर्चीवर बसणारेही तो घालतीलच. विषय तोच राहिला, उत्तरे मात्र बदलली. पूर्वी वह्यांत मोहाची फुले असत, तेंदूपत्त्याच्या गड्ड्या असत, मामाचे गाव असे, लग्नातले जेवण असे. आता पाच वह्यांपैकी तीन वह्यांत मोबाइल असतो. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने वही देता देता आम्हांलाच उलट विचारले, "गुरुजी, आप छुट्टी में क्या देखते थे?" आम्ही तिच्या प्रश्नातल्या क्रियापदाकडे पाहतच राहिलो. 'करते थे' नव्हे, 'देखते थे'! सुट्टी ही पाहण्याची वस्तू आहे, हे तिने गृहीतच धरले होते.

तिला त्या वेळी आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. खरे उत्तर लांब होते आणि त्यात आमचा एक अपराधही होता. तो वर्गात सांगण्याजोगा नव्हता. या मासिकाच्या वाचकांना सांगावयास हरकत नाही. कारण ज्यांची घरे महाराष्ट्राबाहेर आहेत त्यांनाच तो नीट कळेल.

आम्ही नोकरीनिमित्त देडतलाईला असतो. बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीतले, सातपुड्याच्या कुशीतले हे गाव. सीमा ओलांडली की धारणी, म्हणजे अमरावती जिल्हा आणि मेळघाट. आमची बरीच मुले घरी कोरकू बोलतात, शाळेत हिंदी शिकतात आणि बाजारात मराठी ऐकतात. आमचे बालपण मात्र बुऱ्हाणपूर शहरात गेले. अण्णा तेथे शाळामास्तर होते. आई गिरगावातली. चाळीच्या गजबजाटात वाढलेली ही मुलगी लग्न होऊन तापीकाठच्या या जुन्या शहरात आली आणि येथे कायमची राहिली. दरवर्षी मे महिन्यात मात्र ती आम्हां भावंडांना घेऊन माहेरी जाई. रात्रीची गाडी, पत्र्याची ट्रंक, दशम्यांचा डबा, फिरकीच्या तांब्यात पाणी. पहाटे कल्याण आले की आईचा चेहरा वेगळाच दिसू लागे.

मामांच्या घरी दूरदर्शन संच नव्हता. तो मजल्यावर एकाच बिऱ्हाडात होता, दाराला दार लावून. लाकडी पेटी, तिला सरकती दारे, आत काच आणि काचेवर निळसर प्लास्टिकचा पडदा. संध्याकाळी दिवेलागणीला ती दारे उघडत आणि मजल्यावरची सगळी मुले चपला बाहेर काढून आत जमिनीवर बसत. पुढच्या रांगेतल्यांनी माना खाली घालावयाच्या, मागच्यांनी उभे राहावयाचे नाही, आणि कार्यक्रम चालू असता पाणी मागावयाचे नाही, असे तेथले नियम होते. आमच्या शाळेत आम्ही एवढी शिस्त आजवर आणू शकलेलो नाही.

हा काळ १९७७ ते १९७९ चा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते; दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ पासून प्रयोग चालू होता, आणि त्या आरंभीच्या काळात आपले पु. ल. देशपांडे तेथे होते, पंडित नेहरूंची दूरचित्रवाणीसाठी मुलाखत त्यांनी घेतली होती, हे मराठी माणसाने अभिमानाने सांगण्यासारखे आहे. पण नऊ-दहा वर्षांच्या आम्हांला हे काय ठाऊक? आम्हांला ठाऊक होते ते 'चिमणराव आणि गुंड्याभाऊ'. दिलीप प्रभावळकरांचा तो बारीक, बावरलेला चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा तो सोटा घेतलेला गुंड्याभाऊ पडद्यावर आले की चाळीचा मजला हसण्याने हादरे. चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी हे अनेक वर्षे बडोद्यात राहिले, तेथल्या महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली, हे आम्हांला एम. ए. करताना समजले. साऱ्या मुंबईला हसवणारा हा लेखक आमच्यासारखाच महाराष्ट्राबाहेरचा मराठी माणूस निघाला, याचा आम्हांला उगाचच आनंद झाला होता.

त्या हसण्यात आम्ही पहिल्या वर्षी थोडे मागे असू. मुंबईची भावंडे हसत, मग आम्ही हसत असू. आमची मराठी बुऱ्हाणपुरी. एकदा आम्ही घरात शिरता शिरता मोठ्या थाटात सांगितले, "मला मामा बाजारात मिळाले." त्यावर मामेबहीण म्हणाली, "मिळाले? हरवले होते काय?" सगळा मजला हसला. हिंदीतल्या 'मिले'ची ही करामत. आम्ही रडवेले झालो, आणि आई काहीही न बोलता आमच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. त्या उन्हाळ्यात आम्ही दूरदर्शन निराळ्या रीतीने पाहू लागलो. बातम्यांत स्वच्छ शब्द कसे उच्चारतात, 'गजरा'मधली माणसे 'भेटतात' की 'मिळतात', हे आम्ही कान देऊन ऐकू लागलो. परतताना आमच्याजवळ एक महिन्याची शिदोरी असे. ती बुऱ्हाणपुरात दिवाळीपर्यंत पुरे, नंतर पुन्हा 'चाय पिऊन, नहाऊन' सुरू!

आई तर सर्वच पाहत असे. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की मुले उठून जिन्यात खेळावयास पळत, घरची माणसे स्वयंपाकाला लागत. आई मात्र बसून राही. भुईमुगावरच्या किडीविषयी कोणी तज्ज्ञ बोलत असे आणि आई एकाग्रतेने ऐकत असे. आमची शेती नव्हती. कुंडीत एक तुळस होती. मामी एकदा म्हणाल्या, "वन्सं, तुम्हांला काय करायचंय भुईमुगाचं?" आई म्हणाली, "काही नाही हो, बोलतोय छान." बस, एवढेच.

१९८३ च्या जूनमधला एक दिवस सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या शाळा जूनच्या मध्यास उघडत, आमची शाळा १ जुलैला. त्यामुळे भावंडे दप्तरे घेऊन शाळेत जात असताना आम्ही मुंबईत राजासारखे मोकळे असू. २५ जून, शनिवार. लॉर्ड्सच्या मैदानावर भारत १८३ धावांत बाद झाला तेव्हा मजल्यावरचे अर्धे लोक चहाला उठून गेले. मग रिचर्ड्सने उंच मारलेला चेंडू, त्याच्या मागे धावणारा कपिलदेव आणि तो झेल! गेलेले सगळे लोक धावत परतले. वेस्ट इंडिज १४० धावांत आटोपले आणि चाळीच्या गच्चीवर फटाके वाजले. आम्ही पंधरा वर्षांचे होतो. बुऱ्हाणपुरात परतल्यावर आम्ही मित्रांना तो झेल इतक्या वेळा करून दाखवला की एकदा गटारात पडलो. आमच्या मित्रांनी तो सामना रेडिओवर ऐकला होता. आम्ही तो पाहिला होता. शहरात तेवढ्यापुरती आमची प्रतिष्ठा होती.

ती फार दिवस टिकली नाही, कारण दूरदर्शन लवकरच सर्वांच्या दारी आले. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले होते. पण ते खेड्यापाड्यांत पोहोचण्याचे खरे कारण आकाशात होते. 'इन्सॅट-१ ए' हा उपग्रह १९८२ च्या एप्रिलमध्ये सोडला, तो सप्टेंबरातच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ च्या अखेरीस अमेरिकेच्या 'चॅलेंजर' यानातून 'इन्सॅट-१ बी' गेला, तो टिकला. दिल्लीचा कार्यक्रम या उपग्रहाकडे पाठवावयाचा, गावोगावच्या छोट्या केंद्रांनी तो तबकडीने झेलावयाचा आणि शंभर वॅटच्या प्रक्षेपकातून आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरांत पसरवावयाचा, अशी ही योजना. १९८४ साली काही महिने तर देशात जवळजवळ रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. त्याच वर्षी ७ जुलैला 'हम लोग' सुरू झाले, आणि मध्यमवर्गाने संध्याकाळच्या जेवणाची वेळ बदलली.

अण्णांनी संच घेतला तो १९८५ नंतर. त्याआधी रेडिओप्रमाणे दूरदर्शन संचालाही पोस्टात परवाना शुल्क भरावे लागे. "पेटीही आपण घ्यायची आणि बघण्याचे पैसेही आपणच द्यायचे, हे मास्तराला परवडणारे नाही," असे अण्णा म्हणत. १९८५ साली ते शुल्क रद्द झाले आणि अण्णांची सबब संपली. कृष्णधवल संच आला, त्याबरोबर स्टॅबिलायझर आला, आणि छपरावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटिना चढला. छपरावर आम्ही, अंगणात धाकटा भाऊ, खोलीत आई, असा तारायंत्राचा खांबांखांबांनी निरोप चाले. "आलं का?" "नाही, मुंग्या आहेत!" "आता?" "आवाज आला, चित्र गेलं!" "आता?" "आलं, आलं... गेलं!" दुपारच्या उन्हात तापलेल्या कौलांवर उभे राहून आम्ही जेवढे विज्ञान शिकलो, तेवढे पुस्तकातून शिकलो नाही. एखादे माकड अँटिन्यावर बसले की शास्त्र संपे आणि केरसुणी घेऊन आजी पुढे सरसावे.

आता आमच्या घरी दूरदर्शन होते, पण मराठी नव्हते. ही गंमत पाहा. मुंबईत ती पेटी मराठी बोलत असे म्हणून आईला आवडे. तीच पेटी आमच्या घरी आली ती हिंदी बोलत! 'रुकावट के लिए खेद है' ही पाटीसुद्धा हिंदीत. आईचे हिंदी उत्तम होते, तिला मालिका आवडतही. 'बुनियाद' तिने एक दिवस चुकवले नाही. पण भुईमुगाच्या किडीसाठी बसून राहणारी ती बाई या पेटीसमोर तशी बसली नाही.

मराठीसाठी एकच खिडकी होती : रविवारची दुपार. दीडच्या सुमारास प्रादेशिक भाषांतले, बहुधा पुरस्कार मिळालेले चित्रपट दाखवत. खाली इंग्रजी अक्षरे येत. बंगाली, मल्याळी, असमिया, कन्नड, उडिया अशा भाषा पाळीपाळीने येत, आणि देशात भाषा इतक्या की मराठीची पाळी येता येता महिने जात. पुढे त्याआधी कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेत बातम्या येऊ लागल्या. आई भांडी घासून, पदराला हात पुसत त्या बातम्यांच्या वेळीच येऊन बसे. मल्याळी चित्रपट असला तर दहा मिनिटे पाहून उठे. "माणसं आपल्यासारखीच आहेत रे, पण काय म्हणतात कोण जाणे," असे म्हणून ती पापड लाटावयास निघून जाई. मराठी असला की मात्र त्या दिवशी पापड नाहीत, निवडणे-टिपणे नाही, आणि तिच्याशी कोणी बोलावयाचेही नाही. अण्णासुद्धा अशा दुपारी स्वतः चहा करीत. तो प्यावा लागे, एवढाच काय तो त्रास.

आता तो अपराध. १९८८ चा मे महिना. आम्ही वीस वर्षांचे, महाविद्यालयाची परीक्षा दिलेले, आणि त्या वयात असावयाचे तेवढे शहाणे. त्या वेळी व्हिडिओचे यंत्र चोवीस तासांसाठी भाड्याने आणण्याची टूम निघाली होती. चार मित्रांनी वर्गणी काढली. चार कॅसेटी ठरल्या. घर आमचे, कारण संच आमचा. रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' झाले, ते पाहावयास आलेल्या शेजारच्या बाया निघून गेल्या, आणि आम्ही तारा जोडल्या. पहिला मारधाडीचा चित्रपट संपून दुसरा चालू झाला तेव्हा दीड वाजला असावा. आई पदराला हात पुसत दारात आली. पडद्यावर कोणी कोणाला तरी काचेच्या खिडकीतून फेकीत होता. ती क्षणभर थांबली. "आज मराठीची पाळी होती ना रे?" असे तिने विचारले की विचारले नाही, हे आम्हांला आज नक्की सांगता येत नाही. विचारले असावे. आमच्यातला एक मित्र म्हणाला, "काकू, पैसे भरलेत, उद्या सकाळी परत द्यायचंय." आई "असू दे, असू दे" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने पापडाच्या लाटण्याचा आवाज येऊ लागला.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "पाहिलात का हो? किती रडले मी!" आई म्हणाली, "नाही, जरा काम होतं." कोणता चित्रपट होता हे आईने आम्हांला सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. पंचवीस रुपयांच्या वर्गणीत आम्ही त्या दिवशी काय काय विकत घेतले याचा हिशेब पुष्कळ वर्षांनी लागला.

'रामायणा'विषयी लोकांनी इतके लिहिले आहे की आम्ही थोडक्यात आटोपतो. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, संचाला हार घालत, हे सर्व खरे. आमच्या घरी मात्र त्याची एक निराळी बाजू होती. त्या हिंदी अयोध्येत आई मराठी माणसे शोधत असे. दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर. म्हणजे पडद्यावरचे राजा-राणी प्रत्यक्षातही पतिपत्नी. भरत संजय जोग. मंथरा ललिता पवार. "अर्धी अयोध्या आपलीच आहे," असे आई शेजारणींना सांगे. मंथराही आपलीच, हे अण्णा हळूच जोडत.

मुलांसाठीही त्या वर्षांत बरेच काही होते : 'विक्रम और बेताल', 'मालगुडी डेज', आणि नव्वदीच्या आगेमागे उन्हाळ्यातल्या सकाळी लागणारे 'छुट्टी छुट्टी'. कार्यक्रमांच्या मधल्या फटीत एक छोटा चित्रपट वारंवार दाखवत, पक्ष्यांच्या थव्याचा, एकीचे बळ सांगणारा 'एक अनेक और एकता'. आजच्या पन्नाशीतल्या कोणालाही त्याचे गाणे पाठ असते. पण तो १९७४ साली विजया मुळे या मराठी बाईंनी केला, आणि त्यातली चित्रे भीमसैन यांची होती, हे फारसे कोणी जाणत नाही. विजयाबाई मुंबईत जन्मल्या, संसार पाटण्याला आणि पुढे दिल्लीला केला, आणि ९८ व्या वर्षी, २०१९ साली, निवर्तल्या. म्हणजे त्याही तुमच्या-आमच्यातल्याच, महाराष्ट्राबाहेरच्या. साऱ्या देशाच्या मुलांना एकी शिकवावयाची ती हिंदीत, आणि शिकवणारी मराठी!

या बाईंचे आणखी एक काम आमच्या धंद्यातल्या माणसाने विसरता कामा नये. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी शिक्षणाचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत सामुदायिक संच बसवले. त्यांत मध्यप्रदेशही होता. मात्र आमच्या निमाडला काही मिळाले नाही, संच गेले रायपूर, दुर्ग, बिलासपूरकडे, जो भाग आता छत्तीसगढात आहे. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम होत आणि शाळेला सुट्टी लागली की त्याच पेट्यांसमोर गुरुजींना बसवत. सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना या रीतीने विज्ञान कसे शिकवावे याचे धडे दिले गेले, आणि त्या कामामागे शैक्षणिक तंत्रविज्ञान केंद्रातल्या विजयाबाई होत्या. सुट्टीत मास्तरांना दूरदर्शन पाहावयास लावणे, आणि तेही सरकारी हुकमाने, असा सुवर्णयोग आमच्या वाट्याला आला नाही. आमच्या वाट्याला उन्हाळ्यात जनगणना येते.

नोकरी लागल्यावर आम्ही प्रथम या सातपुड्याच्या पट्ट्यात आलो ते १९९३ साली. शहरातल्या प्रक्षेपकाची कक्षा येथवर पोहोचत नव्हती. तरी एका दुकानदाराने दोन बांबू एकाला एक बांधून त्यावर अँटिना चढवला होता आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर संच चालवला होता. चित्र पावसातून पाहिल्यासारखे दिसे. रविवारी सकाळी तेथे 'जंगल बुक' पाहावयास मुले जमत. मोगलीची ही मालिका जपानी लोकांनी काढलेली. हिंदीत आणली तेव्हा गाणे गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे, आणि शेरखान वाघाचा आवाज नाना पाटेकरांचा. किपलिंगने मोगलीला जेथे वाढवले ते शिवनीचे रान याच सातपुड्याच्या रांगेत, आमच्या पूर्वेला. तेव्हा सातपुड्यातली गोष्ट इंग्रजाने लिहिली, जपान्यांनी चितारली आणि ती फिरून सातपुड्यातल्याच मुलांपुढे बॅटरीवर चालत होती.

त्या मुलांत बल्लू अस्वलावरून वाद झाला. शहरातल्या मुलांना बल्लू फार आवडे. येथे एक दहा वर्षांचा मुलगा तो पडद्यावर आला की तोंड फिरवून बसे. आम्ही कारण विचारले. त्याच्या काकांना मोहाची फुले वेचताना अस्वलाने धरले होते. अर्धा चेहरा गेला होता. चैत्रात पहाटे मोहाखाली माणूसही जातो आणि अस्वलही जाते, आणि दोघांनाही तीच फुले हवी असतात. तो मुलगा बराच विचार करून म्हणाला, "गुरुजी, यह वाला अच्छा है। हमारे वाला नहीं।" आणि मग पुढच्या रविवारपासून तो तोंड न फिरवता पाहू लागला.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. 'उन्हाळ्याची सुट्टी' असे आपण म्हणतो तेव्हा ती आपली सुट्टी असते. या मुलांना मे महिन्यात पहाटे चारला उठून तेंदूपत्ता तोडावयास जावे लागे, दुपारभर सावलीत बसून पन्नास-पन्नास पानांच्या गड्ड्या बांधाव्या लागत. रविवारी सकाळचा अर्धा तास हीच त्यांची सुट्टी होती. जुन्या दूरदर्शनच्या आठवणी काढताना आम्ही मंडळी डोळे पुसतो ते ठीकच. पण त्या काळी एका संचासमोर चाळीस माणसे बसत, याचे कारण आपला एकोपा जेवढा, तेवढेच ते एकोणचाळीस घरांत संच नसणे हेही होते. दुकानदार सगळ्यांना आत घेई, हे खरे. सगळ्यांना सारख्या जागी बसवीत नसे, हेही खरे.

पुढची वर्षे भराभर गेली. केबल आली. १९९४ साली दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी निघाली, १९९९ साली 'अल्फा मराठी' आली आणि बुऱ्हाणपुरातल्या आमच्या घरी आई वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी चोवीस तास मराठी ऐकू शकू लागली. आम्हांला वाटले, आता ती त्या पेटीपुढून हलणार नाही. तिने महिनाभर हौसेने पाहिले आणि मग पुन्हा पापड लाटू लागली. "एवढं सगळं कोण बघणार?" असे ती म्हणे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली. २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवावयास आरंभ केला. शाळा बंद, आम्ही घरी, अण्णा नव्हते. शहात्तर वर्षांची आई चष्मा लावून बसली आणि नातवंडांना सांगू लागली, "ही जयश्री गडकर, आपली." नातवंडे मोबाइलवरून डोके वर काढून "हो का?" म्हणत आणि पुन्हा खाली घालत. भरत झालेले संजय जोग तरुणपणीच गेले, हे सांगताना तिचा आवाज घरातल्या माणसाविषयी बोलल्यासारखा झाला. त्यानंतर दोन वर्षांत दूरदर्शनने आपले जुने भूप्रक्षेपक बहुतेक ठिकाणी बंद केले; काही मोजक्या ठिकाणांवाचून २०२२ पर्यंत ते युग संपले. छपरावरचा आमचा अँटिना मात्र आम्ही काढलेला नाही. त्यावर आई कधी वाळवण झाकावयाचे फडके टाकते, कधी माकडे बसतात.

गेल्या मे महिन्यात आम्ही देडतलाईहून सुट्टीसाठी घरी गेलो होतो. मुलाने भिंतीवर मोठा सपाट संच लावला आहे. त्यात इंटरनेटवरून हवे ते मागवता येते. तो आजीला म्हणाला, "आजी, सांग, कोणता सिनेमा लावू? कोणताही सांग." आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "श्यामची आई लाव." आचार्य अत्र्यांचा हा चित्रपट १९५३ चा, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला. त्यात आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई मूळच्या उज्जैनच्या, आणि त्यांचा अंतही ग्वाल्हेरला झाला. म्हणजे मराठी जगाची ती आई आमच्या मध्यप्रदेशातली. आमच्या आईने तो नऊ वर्षांची असताना वडिलांचे बोट धरून पाहिला होता. १९८८ च्या त्या रविवारी हाच होता काय? आम्ही तिच्याकडे पाहिले. विचारण्याचे शब्द तोंडात आले होते.

चित्रपट सुरू झाला. अर्धा तास झाला असेल नसेल, आणि वीज गेली. मे महिन्यात आमच्याकडे ती जातेच. पंखा थांबला, पडदा काळा झाला. मुलगा चटकन म्हणाला, "आजी, थांब, मोबाइलवर लावून देतो, तिथूनच पुढे दिसेल."

"नको," आई म्हणाली. "येईल आता."

तिने कोपऱ्यातला वाळ्याचा पंखा घेतला आणि त्या काळ्या पडद्याकडे तोंड करून बसली. मुलगा मोबाइल घेऊन गच्चीवर गेला. आम्ही सतरंजीवर तिच्या शेजारी बसलो. एकदा तिने आमच्यावरही वारा घातला. वीज यावयास त्या दिवशी पाऊण तास लागला.